जे बिघडलं नाही, त्याचं बिल

निदेशक : परवा दोन मुलं विचारायला आली होती. एक पेणच्या खारेपाटातला, दुसरा रोह्याचा. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड दोघांनी पुरा केलाय. एक कंत्राटदार त्यांना बोलावतोय. काम काय, तर पेण ते रोहा पट्ट्यातल्या सरकारी इमारतींमधले एसी, फ्रीझर, वॉटर कूलर सांभाळायचे. मी म्हटलं, घ्या. पनवेलला एखाद्या मॉलमध्ये लागलात तर वर्षभर एकाच जातीच्या मशिनीचे फिल्टर धुवाल. इथे आठवड्याभरात तहसील कचेरीतला जुना विंडो एसी हाताखालून जाईल, दुय्यम निबंधकांकडच्या कॉम्प्युटर खोलीतला स्प्लिट जाईल, उपजिल्हा रुग्णालयातलं ऑपरेशन थिएटर आणि शवागारातलं कॅबिनेटही जाईल. शिवाय दिवा-रोहा गाडीने पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा असं संध्याकाळी घरी परत. तू मात्र त्यांना नको म्हणालास असं कानावर आलं.

मेकॅनिक : म्हणालो, सर. शिकायला मिळतं याबद्दल वाद नाही. मी सात वर्षं हेच केलं, तेही तुमच्याच शब्दावर. पण दर कसा ठरतो ते मुलांना सांगितलंत का? निविदा निघते, सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याला काम जातं. त्याने कमी भरलेला भाव तो कुठून काढणार? मुलाच्या पगारातून, आणि मशिनीला द्यायच्या वेळातून. दिवसाला पंधरा मशिनी उरकल्या तरच त्याचं गणित बसतं. पंधरा मशिनी म्हणजे फिल्टर काढला, नळाखाली धरला, झटकला, बसवला, सही घेतली. कॉइल उघडून बघायला सवड कुठली? मी ज्या करारांवर राबलो त्यांत सुटे भाग धरलेलेच नसायचे. एका कचेरीत कपॅसिटर गेला होता. तीन-चारशे रुपयांची वस्तू, बसवायला दहा मिनिटं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तक्रार लिहून दिली. मग मागणीपत्र, तीन कोटेशनं, टिपणी, मंजुरी. मशीन चालू झालं तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. उन्हाळाभर तिथल्या क्लार्कबाई माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या ती मी विसरलेलो नाही. त्यांच्या लेखी एसीवाला आळशी. कपॅसिटर माझ्या पिशवीतच होता, सर. पण एकदा पदरचा बसवला की पुढच्या वेळी तेच गृहीत धरतात.

निदेशक : हा दोष कराराचा झाला. करार वाईट म्हणून काम वाईट ठरत नाही. शाळेचं छप्पर गळतं म्हणून मास्तरकी सोडा असं आपण म्हणत नाही. आणि सरकारी इमारतीतला थंडावा कशासाठी असतो ते बघ. तुझ्या डोळ्यांसमोर साहेबांची केबिन आहे. माझ्या डोळ्यांसमोर प्राथमिक आरोग्य केंद्रातली आयएलआर आहे, बर्फाचं अस्तर असलेली ती पांढरी पेटी. तिच्यात लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. आठाच्या वर गेली की लशीची ताकद उतरत जाते, हे सगळ्यांना कळतं. शून्याखाली गेली तर काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बी एकदा गोठल्या की वितळवून उपयोग नाही, त्या गेल्या. बाटली मात्र बाहेरून तशीच दिसते. नर्सबाई टोचणार, बाळ रडणार, कार्डावर शिक्का पडणार, आणि बाळाच्या अंगात पुरेसं संरक्षण तयार होणार नाही. ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. ती टळते, कारण कुणीतरी थर्मोस्टॅट जागच्या जागी ठेवलेला असतो. इतकी मोठी जबाबदारी बावीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळते?

मेकॅनिक : जबाबदारी मिळते, अधिकार मिळत नाही. माझी तक्रारच ती आहे. आयएलआर आरोग्य खात्याची. तिच्यासाठी खात्याचा शीतसाखळी तंत्रज्ञ असतो, त्याला पुण्याला रीतसर प्रशिक्षण मिळतं. तो माणूस जाणकार असतो, मी त्याच्याकडून शिकलोय. पण जिल्हा पंधरा तालुक्यांचा, तो कुठे कुठे पुरणार? मग एसीच्या कामाला आलेल्या मुलाला सांगतात, जाता जाता तेवढी पेटी बघ. मीही बघायचो. एकदा एका केंद्रात पेटीत नेहमीपेक्षा जास्त गारवा होता. माझ्या आधी कुणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच जाता जाता बघणाऱ्याने, उन्हाळा म्हणून थर्मोस्टॅट पुढे फिरवला होता. घरच्या फ्रीजला करतात तसं. पेटीच्या तळाशी सगळ्यात जास्त थंडी असते, म्हणून बाटल्या जाळीच्या टोपलीत ठेवायच्या असतात. तिथे त्या तळाला टेकलेल्या होत्या. मी फार्मासिस्टना दाखवलं. त्यांनी लगेच बाटल्या बाजूला काढल्या, वर कळवलं, पुढची तपासणी झाली. त्यांनी आपलं काम चोख केलं. पण माझ्या कंत्राटदाराच्या कागदावर त्या दिवशी काय लिहिलं गेलं? ‘एसी दोन नग, फिल्टर साफ.’ मी जे केलं ते लिहायला रकानाच नव्हता. आणि समजा मी थर्मोस्टॅट मागे फिरवताना काही बिघडलं असतं, तर माझं नाव लिहायला मात्र जागा सापडली असती.

निदेशक : आता त्या पेट्यांत तापमान नोंदवणारं यंत्र असतं. ई-विन ही लशींवर नजर ठेवणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था २०१५ साली सुरू झाली. पेटीतलं तापमान आपोआप नोंदलं जातं, मर्यादा ओलांडली की मोबाइलवर संदेश येतो. म्हणजे तू म्हणतोस तो रकाना हळूहळू तयार होतोय.

मेकॅनिक : तापमानाचा रकाना तयार झाला, माणसाचा नाही. संदेश येतो, फोन जातो, कुणीतरी गाडीला किक मारून निघतो. कामार्लीच्या नाहीतर चणेऱ्याच्या रस्त्याला भर पावसात निघालेल्या त्या माणसाची नोंद कुठे होते? सर, निसर्ग वादळ आठवा, ३ जून २०२०. श्रीवर्धनच्या बाजूने वर आलं आणि जिल्हाभर विजेचे खांब झोपले. कित्येक गावांत तर कितीतरी दिवस वीज नव्हती. मला एका केंद्रावरून फोन आला, मोटारसायकलवरून झाडं ओलांडत पोचलो. तिथे मी काय केलं? पान्हासुद्धा हातात घेतला नाही. एवढंच सांगितलं, झाकण उघडू नका. अस्तरातला बर्फ शाबूत आहे तोवर ही पेटी विजेशिवाय वीसेक तास तापमान धरून ठेवते, पण उत्सुकतेपोटी दर अर्ध्या तासाने कुणी आत डोकावलं तर धरणार नाही. तिथल्या सिस्टरनी झाकणावर चिकटपट्टी लावली, जनरेटर येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. लस वाचली. कंत्राटदाराने त्या फेरीचे पैसे दिले नाहीत. त्याचं म्हणणं, मशीन बंद नव्हतं, दुरुस्ती झाली नाही, मग बिल कशाचं करू? त्याच्या बाजूने बघितलं तर तोही खोटं बोलत नव्हता.

निदेशक : ही गोष्ट तू मला आधी कधी सांगितली नाहीस. वर्गात सांगायला हवी.

मेकॅनिक : कुठल्या धड्यात सांगणार? तुम्ही आम्हाला ब्रेझिंग शिकवलंत, गेज लावायला शिकवलंत. झाकण उघडू नका असं म्हणणं ट्रेडच्या परीक्षेत येत नाही.

निदेशक : बरं, मग रुग्णालयाकडे वळू. तिथे तर हातातलं कौशल्यच लागतं. एकाच इमारतीत ऑपरेशन थिएटर २१ अंशांच्या आसपास हवं, आणि नवजात बाळांच्या विशेष कक्षात २६ ते २८ अंशांची ऊब हवी. कोकणात हीटिंगचं काम कुठे असतं असं मुलं विचारतात; मी त्यांना सांगतो, दीड किलोच्या बाळाजवळ असतं. बाळाच्या अंगावर थंड झोत येता कामा नये, वॉर्मरचा सेन्सर बरोबर वाचतोय का बघायला हवं. थिएटरची गोष्ट आणखी निराळी. भिंतीवर दोन स्प्लिट लावले की थिएटर थंड होतं, पण स्प्लिट तीच खोलीतली हवा फिरवत राहतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत बाहेरची गाळलेली ताजी हवा सतत यायला लागते, तासाला वीसेक वेळा सगळी हवा बदलावी लागते. हे कळणारा मुलगा तिथे असला तर तो डॉक्टरांना सांगू शकेल की साहेब, खोली गार आहे, पण हवा तीच आहे. आणि भंडारा विसरू नकोस. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण गेले. अशा कक्षांतून एसी, वॉर्मर, पंप, मॉनिटर सगळे रात्रंदिवस चालू असतात. तिथल्या प्लगला दर आठवड्याला हात लावून बघणारा, वायर गरम लागली तर ओरडून सांगणारा माणूस कोण असणार? आपल्याच ट्रेडचा.

मेकॅनिक : भंडाऱ्याचं नाव काढलंत म्हणून बोलतो. त्या आठवड्यात मी झोपू शकलो नव्हतो. त्याच्या आधी दोन वर्षं मी एका रुग्णालयात प्रत्येक फेरीला सांगत होतो की या वॉर्डातल्या तीन मशिनी एकाच जुन्या वायरिंगवर आहेत, एमसीबी वारंवार पडतो, वायर हाताला चटका देते. तोंडी सांगत होतो. ज्यांना सांगायचो ते म्हणायचे, वायरिंग बांधकामच्या विद्युत शाखेकडे, मशीन आमच्याकडे, देखभाल तुमच्याकडे. एकाच भिंतीचे तीन मालक! भंडारा झालं आणि चार दिवसांत सगळे तपासायला आले. वायर बदलली, चांगलं झालं. पण मला पहिला प्रश्न काय विचारला ठाऊक आहे? या मशिनीला शेवटचा हात कुणी लावला होता? सर, मी हे काम सोडलं ते पैशासाठी सोडलं असं सगळे समजतात. मी या प्रश्नामुळे सोडलं. दोन वर्षं ऐकलं नाही, आणि धोका दिसला तेव्हा आधी माझं नाव शोधलं.

निदेशक : तू लिहून का दिलं नाहीस?

मेकॅनिक : कुणाला? माझा करार कंत्राटदाराशी. त्याच्या सर्व्हिस स्लिपवर तीन चौकटी: फिल्टर, गॅस, चालू किंवा बंद. चौथी चौकट मी काढायची?

निदेशक : हो, काढायची. स्लिपच्या पाठीमागे लिहायचं, तारीख टाकायची, आणि ज्याला दाखवलं त्याची सही घ्यायची. हे मी तुला शिकवलं नाही हे मात्र कबूल करतो. वर्गात आम्ही मुलांकडून जर्नल लिहून घेतो ते मार्कांपुरतं. कामाच्या जागी कागदावर लिहिणं हा हत्यारपेटीतलाच एक भाग आहे, असं मी एकाही बॅचला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबतीतली ती उणीव माझी.

मेकॅनिक : तुमची एकट्याची नाही. पण लिहिलं की माणूस कटकट्या ठरतो, हेही मुलांना सांगा. पुढच्या वर्षी कंत्राटदार तोच राहतो, मुलगा बदलतो. आता गॅसचं घ्या. तुम्ही शिकवलंत, लाइन उघडली की आधी नायट्रोजन मारायचा, साबणाचा फेस लावून लीकेज बघायचं, मग व्हॅक्यूम पंप लावायचा. कोकणात तर हे नीट करायलाच हवं. पावसाळ्यात हवेत इतकं पाणी की लाइनमध्ये ओलावा राहिला तर नव्या गॅसबरोबरचं तेल तो शोषून घेतं, आत आम्ल तयार होतं आणि कम्प्रेसरची वाइंडिंग जळते. खाडीच्या बाजूला तर खारी हवा फिन्स खाऊन टाकते. बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला येते. इथलं मशीन सावकाश, निगुतीने हाताळायचं मशीन आहे. व्हॅक्यूमला अर्धा-पाऊण तास लागतो. पण करार मशिनीमागे पैसे देतो, तासामागे नाही. मग मुलगा काय करतो? गॅसच सोडून आतली हवा बाहेर ढकलतो, नट आवळतो, निघतो. मशीन त्या दिवशी गार होतं. आठ महिन्यांनी कम्प्रेसर जातो, तोवर करार संपलेला असतो.

निदेशक : आणि तो सोडलेला गॅस? जुन्या मशिनीतला एक किलो आर-२२ हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशोबात १,८०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. नव्या मशिनींतला आर-३२ त्याच्या निम्म्याहून कमी, पण तो पेट घेऊ शकतो, म्हणून ब्रेझिंग करताना आणखी सांभाळायला हवं. २०१९च्या मार्चमध्ये केंद्राने कूलिंग अॅक्शन प्लॅन आणला, त्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं लक्ष्य धरलं होतं. म्हणजे दिल्लीतसुद्धा कुणाला तरी उमगलंय की हवामानाचा मोठा हिशोब शेवटी गेज लावणाऱ्या पोराच्या मनगटात आहे.

मेकॅनिक : प्रमाणपत्र घेतलेल्या मुलालाही दिवसाला पंधराच मशिनी दिल्या तर तो काय करेल? घाई करायला लावायची आणि वर प्रमाणपत्र द्यायचं, याने हवा स्वच्छ होत नाही.

निदेशक : मग मी तुला उलटं विचारतो. इतक्या मशिनी लावाव्यातच का? कोकणातल्या जुन्या कचेऱ्या बघ. जांभ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, भोवती पडवी. आता स्लॅब, काचेची खिडकी, आणि ती काच झाकायला पडदा. आधी इमारत तापवायची, मग ती गार करायला मशीन, मग मशिनीला मेकॅनिक. आपल्या देशाने एकदा याच्या उलट करून दाखवलंय. टेलिफोन एक्स्चेंजला सहसा एसी लागायचा. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्यांनी गावांसाठी असं लहान एक्स्चेंज तयार केलं की जे आपल्या उन्हाळ्यात एसीविना चालेल. गावोगाव फोन पोचले त्यात याचा मोठा वाटा आहे. म्हणजे यंत्राला सोसायला शिकवलं.

मेकॅनिक : यंत्राला शिकवलं ते उत्तमच. माणसाने मात्र सोसलंच आहे आजवर, सर. इथे मी तुमच्या विरुद्ध जातो. मी एसीवाला म्हणून बोलत नाही. सरकारी इमारतीत आधी कोण गार झालं ते बघा. कॉम्प्युटर गार झाला, सर्व्हर गार झाला, साहेब गार झाले. बाहेर मे महिन्यात सातबाऱ्यासाठी उभा असलेला म्हातारा, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत पोटुशी बाई, यांच्या डोक्यावर एक पंखा, तोही बाकापासून चार हात लांब. पेणला दमट उकाडा असा की घाम वाळतच नाही. आणि थंडावा त्यांच्यापर्यंत यायची वेळ आली तेव्हा तुम्ही जांभ्याच्या भिंती आठवताय? नवी इमारत बांधाल तेव्हा जरूर पडवी काढा. पण आज जी स्लॅबची आहे, तिच्यात बसलेल्यांचं काय?

निदेशक : २४ अंशांवर सगळ्या मशिनी ठेवल्या तर वाचलेल्या विजेत प्रतीक्षेची खोली गार करता येईल का, हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. २०२०पासून नवे एसी कारखान्यातूनच २४वर लावून येतात. कुणीतरी रिमोट उचलून १८ करतो.

मेकॅनिक : तो १८ करतो कारण कॉइल वर्षभर धुतलेली नसते, २४ला गारच लागत नाही. परत आपण पंधरा मशिनींवरच आलो.

निदेशक : आलो खरे. म्हणजे तुझं म्हणणं मला आता असं कळतं की काम वाईट नाही, ते करू न देणारी घाई वाईट आहे. आणि ज्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं, त्याला पैसे कसे मोजायचे हे आपल्या करारांना अजून सुचलेलं नाही.

मेकॅनिक : सुचलेलं नाही, की सुचूनही नकोय, ते मी सांगू शकत नाही. किती तक्रारी सोडवल्या यावर पैसे मिळत असतील तर मशीन बिघडलेलं बरं. किती दिवस मशीन न बिघडता चाललं यावर मिळाले, तर मी उद्या परत येतो.

निदेशक : तसा करार लिहिला तर कंत्राटदार बिघाड लपवेल. चालू आहे असं लिहून सही घेईल.

मेकॅनिक : घेईल. म्हणून सही कोणाची हे महत्त्वाचं. वॉर्डातल्या सिस्टरची सही असली तर लपवणं कठीण. तिला रात्रभर तिथे बसायचं असतं.

निदेशक : मग त्या दोन मुलांना मी काय सांगू? ती सोमवारी येतील.

मेकॅनिक : मी ‘नको’ मागे घेत नाही, आणि तुमच्या ‘घ्या’च्या आड येत नाही. जायचंच असेल तर स्वतःची वही घेऊन जा म्हणावं, कंत्राटदाराची स्लिप पुरणार नाही. वायर गरम लागली तर त्या वहीत लिहा, सही मागा. नाही दिली तर ‘सही दिली नाही’ असं लिहा. बिल उशिरा येईल, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बाकी त्यांचं त्यांनी ठरवावं. आणि लोकांनाही एक सांगावंसं वाटतं. बाळाला लस टोचायला आरोग्य केंद्रात गेलात तर त्या पांढऱ्या पेटीजवळचा तक्ता बघायला मागा. सकाळ-संध्याकाळ असे दिवसाचे दोन आकडे तिथे लिहायचे असतात, २ आणि ८ यांच्या मधले. आजचा आकडा लिहिलेला आहे का, तेवढं बघा. कुणी तरी बघतंय हे कळलं, तर लिहिणारा रोज लिहील.